आधी पाणी बघा, मग वाट आखा

कोल्हापूर शहर आणि भोवतालच्या गावांत चालणाऱ्यांसाठी आणि सायकलवाल्यांसाठी बिनइंजिनाच्या वाटांचं जाळं कसं उभारावं, याविषयी वाचकांकडून प्रश्न मागवले होते. आलेल्या पत्रांतले निवडक प्रश्न आणि त्यांची उत्तरं इथे देत आहोत.

आम्ही कळंब्याच्या बाजूचे पंधरा-वीस जण रोज पहाटे डांबरी रस्त्याच्या कडेनं चालतो. वाहनांचा त्रास फार. जवळची तीन-चार गावं जोडणाऱ्या वाटा कराव्यात असं मनात आहे. सुरुवात काय बांधून करायची?

पहिल्या वर्षी काहीही बांधू नका. तुमच्या भागात वाटा आहेतच: पाणंदी (शेतांमधून जाणाऱ्या जुन्या गाडीवाटा) आहेत, ओढ्याकाठच्या पायवाटा आहेत, कालव्याच्या कडेचे रस्ते आहेत, गायरानातून गुरं जातात त्या वाटा आहेत. त्या एकमेकींना जोडलेल्या नाहीत आणि कुणी मोजलेल्या नाहीत, इतकंच. जाळं म्हणजे नव्वद टक्के शोधणं आणि दहा टक्के खोदणं.

भूमी अभिलेख कार्यालयातून प्रत्येक गावाचा गाव नकाशा मिळवा. त्यावर दुहेरी तुटक रेषांनी ग्रामीण गाडीमार्ग दाखवलेले असतात. त्यांची रुंदी साडेसोळा ते एकवीस फूट धरलेली असते. एकेरी तुटक रेषा म्हणजे पायमार्ग, रुंदी सव्वाआठ फूट. नकाशा हातात घेऊन त्या रेषांवरून प्रत्यक्ष चाला. काही ठिकाणी पाणंदीत ऊस आलेला दिसेल, काही ठिकाणी गोठा. तिथे लगेच वाद घालू नका, फक्त नोंद करा. नकाशावरची पाणंद एखाद्यानं अडवली असेल, तर त्या पाणंदीवर जमीन असलेला शेतकरी मामलेदार न्यायालय अधिनियम १९०६ च्या कलम ५ खाली तहसीलदारांकडे जाऊ शकतो. अडथळा आल्यापासून सहा महिन्यांच्या आत जावं लागतं. हा मार्ग शेतकऱ्याचा आहे, फिरायला जाणाऱ्यांचा नाही. म्हणून तुमच्या फिरणाऱ्यांच्या मंडळानं पुढे होण्यापेक्षा शेतकऱ्यांना पुढे होऊ द्यावं.

प्रत्येक वाट वर्षातून तीनदा चाला. मे महिन्यात सावली आणि पिण्याचं पाणी कुठे आहे ते कळतं. जुलैच्या मुसळधार पावसात पाणी कुठून येतं, कुठे थांबतं, कुठून जातं ते दिसतं. या फेरीला दुसरा पर्याय नाही. जानेवारीत ऊसतोड जोरात असताना कोणत्या पाणंदीत ट्रॅक्टर-ट्रॉल्या भरून जातात ते समजतं.

आखणी फेऱ्यांची करा, म्हणजे जिथून निघालो तिथेच परत येता येईल. पहिली फेरी तीन-चार किलोमीटरची, सपाट, म्हाताऱ्या माणसांना जमेल अशी. तिलाच जोडून दुसरी सात-आठ किलोमीटरची, आणि तिच्या पलीकडे लांबची. सुरुवात केएमटीच्या (शहर बसच्या) थांब्याजवळ किंवा नळ असलेल्या देवळाजवळ ठेवा. नाहीतर फिरायला येणारे गाड्या घेऊन येतील आणि गावातला चौक अडेल. मग गावच तुमच्या विरोधात जाईल, आणि ते बरोबरच असेल.

दहा जणांसाठी अवजारं एवढी पुरतात: चार टिकाव, चार खोरी, दोन पहारी, सहा पाट्या, तीन दंताळी, तीन कोयते, एक धुमस (माती ठोकून दाबायचं अवजार) आणि गवंडी वापरतात ती पंधरा मीटरची पारदर्शक नळी. या नळीचं महत्त्व पुढच्या उत्तरात येईल.

जोतिबा डोंगराच्या पायथ्याच्या आमच्या गावातून वर जाणारी वाट दोन वर्षांपूर्वी श्रमदानातून केली. सरळ होती, छान दिसत होती. आता ती गुडघाभर खोल ओघळ झाली आहे. आडवे दगड लावले, तेही वाहून गेले. काय चुकलं?

वाट सरळ उताराच्या दिशेनं काढली, हेच चुकलं. पाणी आणि माणूस एकाच रेषेत उतरायला लागले की पावलांनी मोकळी झालेली माती पहिल्याच वळवात जाते. मग खोलगटी होते, खोलगटीत आणखी पाणी येतं. लोक ओघळ टाळून कडेनं चालतात, तिथे दुसरा ओघळ पडतो. दोन-तीन पावसाळ्यांत दोन फुटांची वाट वीस फुटांची होते.

आडवे दगड का टिकले नाहीत, तेही सांगतो. दगडाच्या वरच्या अंगाला गाळ साचतो. तो दर पावसानंतर काढला नाही, तर तिसऱ्या-चौथ्या सरीला पाणी दगडावरून उडी मारून खाली आदळतं आणि दगडाची खालची माती उकरतं. उपाय म्हणून ते लावतात, पण देखभाल नसेल तर तेच नुकसान करतात.

वाट डोंगराला आडवी, तिरकी चढवत न्यायची. दोन नियम पाळा. एक, डोंगराचा जो उतार असेल त्याच्या निम्म्यापेक्षा वाटेचा चढ जास्त नको. डोंगर तीस टक्के उताराचा असेल, तर वाट कुठेही पंधरा टक्क्यांपुढे नको. दोन, पूर्ण वाटेची सरासरी दहा टक्क्यांच्या आत ठेवा, म्हणजे दहा मीटर अंतरात एक मीटर चढ.

मोजायला महागडं यंत्र लागत नाही. नळीत पाणी भरा, दोन टोकं सेंटिमीटरच्या खुणा केलेल्या सारख्या उंचीच्या दोन काठ्यांना बांधा. काठ्या दहा मीटर अंतरावर उभ्या करा. दोन्हीकडच्या पाण्याच्या खुणांत ८० सेंटिमीटरचा फरक आला, तर चढ आठ टक्के. नळीत हवेचा बुडबुडा राहिला तर माप चुकतं, म्हणून भरताना एक टोक वर धरून पाणी हळूहळू सोडा. पाणलोटाच्या कामात समपातळी रेषा काढायला लाकडी ए-फ्रेम वापरतात, तीही चालेल.

आता खोदकाम. वाट पूर्णपणे पक्क्या, न हललेल्या जमिनीवर बसवा. निम्मी कापून निम्मी भरावाची केलीत, तर भरावाची बाजू पहिल्या पावसाळ्यात खचेल. तीस टक्के उतारावर १.२ मीटर रुंदीची वाट कापायची, तर डोंगराच्या बाजूला साधारण ३६ सेंटिमीटर खोल जावं लागतं. म्हणजे एका मीटरला सुमारे ०.२२ घनमीटर माती, एका किलोमीटरला २१६ घनमीटर. मऊ मुरुमात एक सवयीचा माणूस दिवसाला सात ते नऊ मीटर वाट करतो. पंचवीस जणांनी रविवारी अर्धा दिवस काम केलं तर किलोमीटरला कागदावर दहा रविवार लागतात. सवय नसलेल्या स्वयंसेवकांसाठी वीस धरा. आणि मधे काळा पाषाण लागला तर तो फोडत बसू नका, वाट वरून किंवा खालून वळवा.

वाटेचा पृष्ठभाग दरीच्या बाजूला पाच टक्के कलता ठेवा, म्हणजे १.२ मीटर रुंदीला सहा सेंटिमीटर. लिंबू ठेवून बघा, ते हळूच दरीकडे घरंगळलं पाहिजे. निघालेली माती उतारावर लांब आणि पातळ फेका. तिचा ढीग काठावर राहिला तर कड तयार होते, कडेनं पाणी वाटेवरच कोंडतं आणि पुन्हा ओघळ सुरू होतो.

एवढं करूनही पाणी वाटेवरून लांबपर्यंत वाहतंच, कारण पायांनी मधला भाग दबतो. म्हणून चढत्या वाटेला मधूनमधून उलटा उतार द्या: तीन-चार मीटर लांबीत वाट २५-३० सेंटिमीटर खाली उतरवायची आणि पुन्हा चढवायची. त्या खोलगटीत दरीच्या बाजूला मीटरभर रुंद मोकळं तोंड ठेवायचं. पाणी तिथे आपोआप बाहेर पडतं. तीव्र चढाला हे दर दहा-पंधरा मीटरला हवं, सौम्य चढाला पंचवीस-तीस मीटरला चालतं. आडव्या दगडांचं काम हे जमिनीच्या आकारानं करतं आणि वाहून जायला त्यात काही नसतं.

जुना ओघळ उघडा सोडू नका. त्यात अनघड दगडांचे बांध घाला. खालच्या बांधाचा माथा आणि वरच्या बांधाचा पाया एकाच पातळीत यावा. ओघळाचा उतार वीस टक्के आणि बांध अर्धा मीटर उंच असेल, तर अंतर अडीच मीटर. ओघळाच्या दोन्ही तोंडांना बाभळीच्या फांद्या टाका. माणूस जवळची वाट सोडत नाही, त्याला ती दिसताच कामा नये.

काम कधी करायचं? आखणी पावसात, खोदाई ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये. तेव्हा मुरुमात ओल असते आणि टिकाव बसतो. एप्रिलमध्ये तोच मुरूम दगडासारखा होतो. आणि महत्त्वाचं: तो उतार वनखात्याचा असेल, तर खोरं उचलण्याआधी वनक्षेत्रपालांकडे अर्ज द्या. गावात संयुक्त वन व्यवस्थापन समिती असेल तर तिच्यामार्फतच जा. वनजमिनीत विनापरवाना खोदणं हा गुन्हा आहे, हेतू कितीही चांगला असला तरी.

माझी जमीन नदीकाठाला आहे. पोरं म्हणतात, बांधावरून चालायला वाट द्या. द्यायला हरकत नाही, पण उद्या हीच वाट वहिवाट म्हणून माझ्या डोक्यावर बसली तर?

तुमची शंका रास्त आहे, आणि तिचं उत्तर कायद्यातच आहे. भारतीय सुविधाधिकार अधिनियम १८८२ च्या कलम १५ नुसार एखादी वाट वीस वर्षं अखंड, उघडपणे आणि हक्क म्हणून वापरली गेली, तर वहिवाटीचा हक्क तयार होऊ शकतो. यात ‘हक्क म्हणून’ हे शब्द कळीचे आहेत. मालकाच्या परवानगीनं केलेला वापर हक्क म्हणून केलेला धरत नाहीत. त्यामुळे तोंडी ‘जावा की’ म्हणून सोडून देण्यापेक्षा लेखी परवानगी देणंच तुम्हाला जास्त सुरक्षित आहे.

संमतिपत्र एका पानाचं असावं. त्यात गट नंबर, वाटेची रुंदी (बांधावर एक मीटर पुरते) आणि बांधाची कोणती बाजू, हे लिहा. वापर फक्त पायी, की सायकलही, ते लिहा. मुदत एक वर्षाची ठेवा, दरवर्षी नव्यानं सही. पेरणी, औषध फवारणी आणि तोडणीच्या दिवसांत वाट बंद ठेवण्याचा अधिकार तुमचा, आणि कारण न देता परवानगी मागे घेण्याचा अधिकारही तुमचा, असं स्पष्ट नमूद करा. एक प्रत ग्रामपंचायतीत द्या. मसुदा वकिलाला एकदा दाखवून घ्या.

मंडळानंही आपली बाजू सांभाळावी: वाटेच्या दोन्ही टोकांना ‘मालकाच्या परवानगीनं खुली’ अशी पाटी, आणि फवारणीच्या दिवशी लावायची ‘आज बंद’ची पाटी शेतकऱ्याच्याच ताब्यात. महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियमाचं कलम १४३ पुष्कळदा मधे आणलं जातं. ते शेतकऱ्याला दुसऱ्याच्या बांधावरून आपल्या शेतात जाण्यासाठी आहे. फिरायला जाणाऱ्यानं त्याचा आधार सांगू नये.

पाणंदीच्या कडेनं चालण्यासाठी मुरूम टाकला. काळ्या जमिनीत तो एका पावसाळ्यात गायब झाला. किती टाकावा?

आणखी टाकून उपयोग नाही. काळी जमीन भिजली की फुगते आणि मऊ होते, मुरूम तिच्यात बुडतो. उन्हाळ्यात भेगा पडतात, उरलेला भेगांत जातो. शिवाय दोन बांधांमधली पाणंद शेतापेक्षा खोल असते, म्हणजे पावसाळ्यात ती ओढाच होते. आधी पाण्याला दुसरी जागा द्या: एका बाजूला दीड फूट खोल चर, आणि त्या चराला खाली ओढ्यात तोंड. तोंड नसलेला चर म्हणजे नुसता लांबट खड्डा.

मग दुसऱ्या बाजूला १.२ मीटर रुंदीचा उंचवटा करा. खाली १५ सेंटिमीटर दगडाचं सोलिंग, दगड उभे रोवून सांधे चिपांनी भरलेले. त्यावर १५ सेंटिमीटर दाबलेला मुरूम. शंभर मीटरला सुमारे साडेसहा ब्रास दगड आणि साडेआठ ब्रास सैल मुरूम लागतो. सैल मुरूम दाबल्यावर साधारण पाऊणपट उरतो, तो हिशेब यात धरला आहे. मुरूम दोन थरांत टाका आणि प्रत्येक थर ओला करून धुमसानं ठोका. मुठीत दाबल्यावर गोळा व्हावा पण हाताला पाणी सुटू नये, इतकीच ओल. वरून तीन-चार टक्के कल चराकडे ठेवा. मुरूम गौण खनिज आहे, तहसील कार्यालयाचा परवाना आणि स्वामित्वधनाची पावती घेऊनच आणा.

चर जिथे पाणंद ओलांडतो, तिथे बारीक पाइप घालू नका. पहिल्या पुराच्या पाण्याबरोबर उसाचं पाचट येतं आणि पाइप बुजतो. त्याऐवजी दगडी फरशी करा: तीन मीटर लांब, मधे दहा-पंधरा सेंटिमीटर खोलगट, दगड घट्ट रोवलेले. पाणी वरून जातं, पाचटही जातं, आणि बैलगाडीही अडत नाही.

मोटारसायकली कशा थांबवायच्या?

पाणंदीत थांबवूच नका. दुधाचे कॅन घेऊन शेतकरी सकाळ-संध्याकाळ त्याच वाटेनं येतो-जातो, ती वाट आधी त्याची आहे. अटकाव फक्त तिथे, जिथून पुढे कुणाचं शेत नाही.

खांब रोवून चारचाकी थांबते. मोटारसायकल थांबत नाही, कारण सायकल जिथून जाते तिथून तीही जाते. दोन आडवी कठडी एकमेकांसमोर नागमोडी, मधे १.२ मीटर अंतर ठेवून लावली, तर मोटारसायकलला वळायला जागा पुरत नाही आणि सायकलवाल्याला उतरून ढकलत नेता येते. मात्र चाकांची खुर्चीही तिथे अडते. म्हणून त्या फेरीला गावाच्या बाजूचं, लोकांच्या नजरेखालचं एक प्रवेशद्वार दीड मीटर मोकळं ठेवा. वाट फार गुळगुळीत आणि सरळ करू नका. काँक्रीट टाकलेली वाट आठवड्यात दुचाकीचा आडमार्ग होते.

पन्हाळ्याहून मसाई पठारावर जाताना धुक्यात लोक चुकतात. दगड रचून आणि रंग मारून वाट आखावी का?

पठारावर टिकाव चालवू नका. जांभ्याच्या सड्यावर मातीचा थर बोटभर असतो, काही ठिकाणी तेवढाही नाही. ऑगस्ट-सप्टेंबरमधली फुलं त्याच थरात येतात, आणि पावसाळी डबक्यांत त्यांचं स्वतंत्र जग असतं. वाट उघड्या खडकावरून न्या, डबकी आणि गवताळ पट्टे टाळा. जागचे दगड उचलून मनोरे रचू नका, त्या दगडांखाली विंचू, पाली, सापसुरळ्या राहतात. खुणेसाठी खालून आणलेले पाच-सहा दगड पुरेत. धुक्यात एका खुणेपासून पुढची दिसली पाहिजे, म्हणून अंतर पंचवीस-तीस मीटर.

जुलैमध्ये पन्हाळा ते पावनखिंड पदभ्रमंतीला हजारो लोक एकाच वाटेनं जातात. चिखल टाळायला प्रत्येकजण कडेनं चालतो आणि वाट रुंदावत जाते. नेणाऱ्यांनी आधीच सांगावं की चिखलातूनच चालायचं, बूट त्यासाठीच असतात.

किल्ल्याजवळ वेगळी काळजी घ्या. पन्हाळा केंद्र सरकारचं संरक्षित स्मारक आहे, आणि २०२५ मध्ये मराठा लष्करी भूप्रदेशांबरोबर तो युनेस्कोच्या यादीत गेला. संरक्षित हद्दीपासून शंभर मीटरपर्यंत बांधकामाला मनाई आहे, त्यापुढच्या दोनशे मीटरमध्ये परवानगी लागते. भिंत किंवा कमान बांधण्याचा विचार तिथे करूच नका, आणि साधी पाटी रोवण्याआधीही पुरातत्त्व खात्याला विचारा. तटाच्या दगडांवर रंगाचा बाण मारणं म्हणजे स्मारकाची खराबी.

वडणगे आणि कसबा बावडा राजाराम बंधाऱ्यावरून जोडावं का? वाट छान होईल.

कोरड्या महिन्यांत होईल, पण जाळ्याचा एकमेव दुवा म्हणून नको. पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट, दोन्ही याच बंधाऱ्यावर मोजतात. बंधारा स्वतः मात्र त्याच्या कितीतरी आधी पाण्याखाली जातो. कठडे लावा अशी मागणी नेहमी होते. कोल्हापुरी बंधाऱ्याची रचनाच पूर वरून जाऊ देण्याची आहे. पक्क्या कठड्यात वाहून आलेली झाडं अडकली तर बंधाऱ्यावरच ताण येतो. जलसंपदा विभागाच्या परवानगीशिवाय तिथे काहीच बसवू नका.

‘बंधारा बंद’ची पाटी काठावर लावून उपयोग नाही. तिथपर्यंत आलेला माणूस ‘एवढंसं तर पाणी आहे’ म्हणून उतरतो. पाटी शेवटच्या फाट्यावर हवी, जिथून दुसरी वाट धरता येते. नदीकाठच्या वाटेला भराव घालून उंचीही देऊ नका, पुराचं पाणी शेतात कोंडेल. वाट जमिनीच्या पातळीतच ठेवा आणि पूर ओसरल्यावर गाळ ओला असतानाच खोऱ्यानं ओढून काढा. वाळला की तो टिकावानं फोडावा लागतो. काळ्या मातीच्या वाटा जूनच्या मध्यापासून सप्टेंबरअखेर बंद ठेवलेल्या बऱ्या. एरवी अवकाळी पाऊस झाला तर टाच दोन-तीन सेंटिमीटरपेक्षा जास्त रुतते का, ते बघून ठरवा.

एकदा वाट झाली की पुढे काय काम उरतं?

दरवर्षी दोन फेऱ्या. मे अखेरीस उलट्या उतारांची तोंडं, चर आणि फरश्या साफ करायच्या. ऑक्टोबरमध्ये काठावर साचलेली मातीची कड तोडायची आणि दोन्ही बाजूंचं वाढलेलं गवत कापायचं, सायकलवाल्यासाठी डोक्यावर अडीच मीटर मोकळं. डोंगरावर फेब्रुवारीच्या आत वाटेकडेचं वाळकं गवत काढून टाका, वणवा तिथूनच पेटतो. गव्यांचा वावर असलेल्या पट्ट्यात उसाच्या कडेची वाट अंधारात वापरू नका. कड्याला आग्या मोहोळ असेल तर त्याच्या खालून वाट नेऊच नका.

दर पाचशे मीटरला क्रमांक लिहिलेला दगड रोवा, आणि क्रमांकांची यादी अक्षांश-रेखांशासह गावच्या पोलीस पाटलाकडे आणि जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात द्या. उसाच्या मधोमध पाय मुरगळलेल्या माणसाला ‘कुठे आहात’ याचं उत्तर देता येत नाही. ‘दगड क्रमांक १४’ एवढं मात्र तो ११२ किंवा १०८ ला सांगू शकतो.